खोली शांत आहे

आईच्या कानात यंत्र बसवायचं ठरलं, ते बाबांच्या आवाजाच्या आलेखामुळे.

आलेख धाकटीच्या फोनवर होता. थोरली लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली, तिला स्वतःची मुलं झाली, तरी धाकटीचं नाव घरात धाकटीच राहिलं. ती पदार्थविज्ञान शिकली आणि घरापासून अर्ध्या दिवसाच्या बसप्रवासावर, मोठ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली. तिथे माणसांचे आवाज मोजत. गाणाऱ्यांचे नव्हे, आजारी माणसांचे.

बाबांना कंपवात होता. मेंदूच्या मुळाशी एका काळसर पट्ट्यात काही पेशी असतात. त्या जे रसायन तयार करतात त्याच्या जोरावर आपल्या हालचाली पुरेशा मोठ्या होतात. या पेशी मरत गेल्या की सगळंच आखूड होऊ लागतं. पाऊल आखूड, अक्षर बारीक, हसू अर्धं. आवाजही आतल्या आत बसत जातो आणि विचित्र गोष्ट अशी, की तो बसतोय हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही. त्याला वाटतं, मी नेहमीसारखाच बोलतोय, हल्ली लोकांचंच लक्ष नसतं.

डॉक्टरांनी काही महिन्यांतून एकदा पाच मिनिटं बघण्यापेक्षा रोज सकाळी घरच्या घरी फोनवर आवाज नोंदवला, तर आजार कुठे निघालाय ते लवकर समजेल, असं प्रयोगशाळेचं म्हणणं होतं. धाकटीचा त्यावर विश्वास होता आणि तो ऐकीव नव्हता. कानाला हेडफोन लावून तिने अशा कितीतरी माणसांचे आवाज महिनोन्‌महिने ऐकले होते. घरच्यांच्या लक्षात यायच्या आधी आलेख खाली कलायला लागतो, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून तिने बाबांचा फोनही त्या अभ्यासात जोडून घेतला.

चाचणी सोपी होती. सकाळची गोळी घेऊन तासभर झाला की फोन समोर उभा करायचा. पडद्यावर आधी अक्षरं येत, ‘कृपया शांत राहा. खोलीचा आवाज मोजत आहोत.’ पंखा, रस्त्यावरच्या गाड्या, शेजारचा रेडिओ, जे काही मागे चालू असेल ते फोन थोडा वेळ ऐकून ठेवी, म्हणजे नंतर माणसाच्या आवाजातून तेवढं वजा करता येई. मग ‘खोली शांत आहे. बोलायला सुरुवात करा’ असं उमटे आणि वरच्या कोपऱ्यात लाल दिवा लागे. त्यापुढे दम संपेपर्यंत ‘आ’ म्हणायचं, ‘प-ट-क, प-ट-क’ असं जमेल तितक्या वेगाने म्हणायचं, आणि शेवटी एक छोटा उतारा वाचायचा.

बाबांना ही चाचणी फार आवडली. त्यांचं आयुष्य लाल दिव्यासमोरच गेलं होतं.

ते बस स्थानकावर उद्घोषक होते. फलाटांच्या डोक्यावर काचेची एक अरुंद खोली, त्यात एक टेबल, पाण्याचा तांब्या आणि वाकड्या मानेचा माईक. ड्रायव्हर-कंडक्टर त्यांना भोंगा म्हणत. “भोंगा आला का रे? मग आज गाड्या सुटतील,” अशी त्यांची चेष्टा चाले आणि बाबांना ती पदकासारखी वाटे. माईक सुरू करण्याआधी ते ओठ ओले करत, नखाने माईकवर दोनदा टकटक करत, पाठ ताठ करत आणि मगच बटण दाबत. नव्याने आलेल्या पोरांना ते एकच गोष्ट शिकवत. “दिवा लागला की खोकायचं नाही, हसायचं नाही. दिवा लागला की आपण कुणाचे नवरे नाही, कुणाचे बाप नाही. आपण स्थानक.”

घरी मात्र ते कमीच बोलत. “दिवसभर सगळ्या दुनियेला ओरडून सांगून आलोय, आता घरात तरी गप्प बसू द्या,” असं म्हणत. त्यामुळे निवृत्तीनंतर ते आणखी गप्प झाले तेव्हा त्याचं कुणाला काही विशेष वाटलं नाही.

वाटलं ते आईला.

“हे माझ्याशी बोलत नाहीत गं,” तिने एकदा धाकटीला फोनवर सांगितलं.

“भांडलात का?”

“भांडायला तरी तोंड उघडावं लागतं. मी विचारते, चहा टाकू का? हे बघत बसतात. मी परत विचारते. मग हात असा झटकतात, जसं काही मीच वेडी.”

“बाबांना दे फोन.”

बाबांनी फोन घेतला. टकटक, दोनदा. “बोल, धाकटे!” आवाज इतका खणखणीत, की धाकटीला फोन कानापासून लांब धरावा लागला. “तुझ्या आईला ऐकू येत नाही हल्ली. मी बोलतोय, बोलतोय, ही आपली भांडी लावतेय. मी कंटाळलो.”

“ऐकलंस ना?” आईने फोन परत घेतला. “तुझ्याशी बरं बोलता येतं.”

धाकटीने त्या दिवशी आलेख उघडून बघितला. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रेघ जवळजवळ सपाट होती. उलट मधल्या महिन्यांत जरा वरच चढली होती. आवाजाची उंची, सुरातली थरथर, श्वासाची लांबी, सगळं ठीक. आजार आहे म्हणून कुठेतरी कमी असेल, पण उतार नाही. शेजारच्या टेबलावर चष्मा बसत असे. खरंतर तिथे सगळ्यांनाच चष्मे होते, पण त्याचा फार जाड म्हणून त्याचंच नाव चष्मा. त्यानेही वाकून बघितलं.

“तुझे बाबा आहेत? माझा आवाज यांच्याहून वाईट येईल.”

“आई म्हणते, ते बोलतच नाहीत.”

“आईचं वय काय?”

एवढंच. एका बाजूला मोजलेली रेघ होती आणि दुसऱ्या बाजूला आईचं म्हणणं. कुठलं उपकरण आधी तपासायचं, याबद्दल धाकटीला शंका आली नाही.

पुढच्या सुट्टीत ती घरी आली आणि आईला कान तपासायला घेऊन गेली. तपासणाऱ्या तरुणाला आई पहिल्यापासूनच कानवाला म्हणायला लागली. त्याने तिला बंद खोलीत बसवलं, हातात बटण दिलं, बारीक बारीक आवाज ऐकवले. बाहेर येऊन म्हणाला, “वरच्या पट्टीचं थोडं कमी ऐकू येतंय. या वयात असतंच. पण बोलणं समजायला काही अडचण यायला नको.”

“पण येतेय ना अडचण,” धाकटी म्हणाली.

“मग यंत्र लावून बघा. वाईट तर काही होणार नाही.”

यंत्र लागलं. आईने पहिल्याच दिवशी फोन केला. “अगं, काय हा गलका! घड्याळ ओरडतंय, पिशवी ओरडतेय, माझ्या चपला माझ्याच मागे ओरडत येतायत. नळ तर अंगावर धावून येतो.”

“आणि बाबा?”

“हेच तेवढे ओरडत नाहीत.”

“सवय होईल, आई. मेंदूला वेळ लागतो.”

“त्यांचा आवाज चांगला आहे म्हणतेस तू.”

“आलेख तरी तसंच सांगतोय.”

“आणि माझे कानही आता चांगले.”

“हो.”

“बरं,” आई म्हणाली. “म्हणजे माझ्याशीच बोलायचं नाही त्यांना. तसं तरी कळलं.”

धाकटी हसली. तिला तो नेहमीचा टोमणा वाटला. पण आईने हिशेब अगदी शास्त्रशुद्ध केला होता. दोन्ही यंत्रं बरोबर असतील तर उरतं काय? माणसाचं मन. त्या दिवसापासून तिने विचारणं सोडून दिलं. चहा झाला की कप समोर ठेवायचा. गोळ्यांची वेळ झाली की तळहातावर गोळ्या ठेवायच्या. बाबांच्या बाजूने बघावं तर ते बोलत होते, उत्तरं देत होते, कधी स्वतःहून काही सांगतही होते, आणि बायको ऐकून न ऐकल्यासारखं करून निघून जात होती. तेही दुखावले. दोघंही आपापल्या जागी बरोबर होती आणि घर बंद पडत चाललं होतं.

रोज सकाळी मात्र लाल दिवा लागायचा आणि घरभर भरदार ‘आ’ घुमायचा. आई स्वयंपाकघरातून ऐकायची. “झालं का सुरू तुमचं?” म्हणायची. फोनशी बोलायला यांच्याकडे एवढा दम आहे, हे तिला रोज नव्याने लागायचं.

पावसाळ्याच्या शेवटी डॉक्टरीणबाईंची तारीख होती. धाकटी खास रजा काढून आली. डॉक्टरीणबाईंनी बाबांना बोटं एकमेकांवर टेकवायला लावली, त्यांना चालवून बघितलं, मनगट वळवून बघितलं.

“आवाज कसा आहे? याच सुमाराला बसायला लागतो. बसत असेल तर लगेच व्यायाम सुरू करू. मोठ्याने बोलायची रोजची तालीम असते. त्याने काहींचं गिळणंही सुधारतं, ठसका कमी लागतो.”

“जेवताना ठसका लागतो यांना,” आई म्हणाली.

“कधीपासून?”

“घाईघाईत जेवतो म्हणून लागतो,” बाबा म्हणाले. डॉक्टरांच्या खोलीत त्यांचा आवाज स्वच्छ होता. परक्या माणसासमोर पाठ आपोआप ताठ होई.

धाकटीने फोन पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी आलेख नीट निरखला. अशी रोजची नोंद त्यांच्या बाकीच्या रुग्णांकडे नव्हती. “वा,” त्या म्हणाल्या. “एवढं व्यवस्थित कुणीच करत नाही. आवाज छानच आहे की. मग व्यायामाची घाई नको. तिथली रांगही मोठी आहे, खरी गरज असलेल्यांना जागा राहू दे.”

बाबांनी मान डोलावली. आईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग नुसतं कानामागचं यंत्र नीट केलं. ज्या बाईच्या कानात यंत्र आहे तिने ऐकण्याबद्दल काय सांगायचं?

बाबा पडले ते एका दुपारी, न्हाणीघरात.

आई पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. यंत्र कानात होतं. बादली आपटल्याचा आवाज तिला चांगला मोठा ऐकू आला. “काय पडलं हो?” तिने विचारलं. उत्तर आलं नाही. “अहो, काय पडलं?” पुन्हा काही नाही. तिने यंत्राचा आवाज वाढवला. नळाची धार ऐकू आली, खिडकीवरचा कबुतरांचा घू-घू आवाज आला, रस्त्यावर कुणीतरी गाडीचं दार लावलं तेही आलं. नवऱ्याचं उत्तर आलं नाही.

रोजच येत नव्हतं. तिने उशीच्या अभ्र्याची घडी घातली, मग दुसऱ्या अभ्र्याची. बोलायचं असेल तर बोलतील, असं मनाशी म्हणाली. सगळे कपडे कपाटात लागेपर्यंत ती उठली नाही.

दाराखालून पाणी बाहेर आलं तेव्हा ती उठली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. बाबा भिंतीला टेकून, ओल्या फरशीवर पडले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. दार उघडल्यावरही ते हलत होते. आई त्यांच्याजवळ बसली आणि तिला पहिल्यांदा दिसलं की हा माणूस बोलतोय. सगळा वेळ बोलत होता.

दवाखान्यात हाडाची शस्त्रक्रिया झाली. ती चांगली झाली. पण नंतर ताप आला, छाती भरली. गिळलेलं पाणी, पातळ सूप, थुंकीसुद्धा, थोडं थोडं श्वासनलिकेत जात होतं. डॉक्टरीणबाई खाटेपाशी आल्या, बाबांच्या तोंडाजवळ वाकून ऐकायचा प्रयत्न केला आणि सरळ झाल्या.

“आवाज असा कधीपासून आहे?”

धाकटीने आलेख दाखवला. पडण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत रेघ सपाट होती. डॉक्टरीणबाईंनी आलेख बघितला, बाबांकडे बघितलं, पुन्हा आलेख बघितला.

“हा यांचाच आहे?”

“हो.”

“म्हणजे चाचणीच्या वेळी येतो आवाज. एरवी नाही.” त्या म्हणाल्या. “लक्ष देऊन, जोर लावून या रुग्णांना येतो कधीकधी. सवयीने येत नाही. मी हे विचारायला हवं होतं.”

“आता व्यायाम?”

“तेव्हा केले असते तर उपयोग झाला असता. आता या छातीला मी मोठ्याने बोला म्हणून सांगू शकत नाही.”

धाकटी प्रयोगशाळेत परत गेली, एका दिवसापुरती. कुठे चूक झाली हे बघितल्याशिवाय तिला चैन पडत नव्हतं. चष्म्याने तिच्यासोबत सगळं पडताळलं. माईक बरोबर, अंतर बरोबर, गणित बरोबर.

“माप बरोबर आहे,” तो म्हणाला.

माप बरोबर होतं. लाल दिव्यासमोर बसणाऱ्या उद्घोषकाचं ते अचूक माप होतं. तो उद्घोषक गोळीचा असर सगळ्यात चांगला असताना, पाठ ताठ करून, रोज थोडा वेळ घरी येऊन जात होता.

मग तिला मोजणीआधीचा तुकडा आठवला. ‘कृपया शांत राहा.’ खोलीचा आवाज म्हणून फोन जो थोडा वेळ ऐकून ठेवतो तो. हे तुकडे कुणीच ऐकत नसे. ते ऐकण्यासाठी नव्हते, वजा करण्यासाठी होते. खोली किती शांत असली म्हणजे शांत म्हणायची, ती पातळी प्रयोगशाळेच्या चमूनेच ठरवली होती. पंखे, नळ, लांबची रहदारी मोजून धाकटीनेच ती मर्यादा सुचवली होती. तिच्याखाली जे असेल तो मागचा गोंगाट.

तिने बाबांचे ते तुकडे एकामागे एक लावले आणि आवाज खूप वाढवला.

पंख्याची घरघर. लांबून एक कुत्रा. पातेल्यावर झाकण ठेवल्याचा टण् आवाज. आणि त्या घरघरीच्या आत, जाड कापडाखालून यावी तशी, एक कुजबुज. अक्षरं फुटत नव्हती. सगळी एकमेकांत मिसळून, घाईघाईने, एका पट्टीत वाहत होती. पण सुरुवातीला एक ठेच होती, प्रत्येक वेळी तशीच. छोटं, मग जरा उतरतं. थांबायचं. परत तेच.

अगं. अगं.

जवळजवळ प्रत्येक सकाळी, दिवा लागायच्या आधी, ते आईला हाक मारत होते. काहीतरी सांगत होते. एका तुकड्यात आईचा आवाजही होता, स्वच्छ आणि मोठा, “झालं का सुरू तुमचं?” त्यानंतर कुजबुज थांबली होती. मग टकटक, दोनदा, आणि भरदार ‘आ’.

“वजा केलं आपण,” चष्मा म्हणाला. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि पुसायची काही गरज नसताना चष्मा पुसत बसला.

धाकटीने ते तुकडे फोनमध्ये घेतले आणि दवाखान्यात आणले. खोलीबाहेर एक बाक होता. तिथे आईला बसवून तिने हेडफोन दिले. आईने कानातलं यंत्र काढून मांडीवर ठेवलं. ऐकू लागली. ऐकताना तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

“‘अगं’ म्हणतायत,” ती म्हणाली.

“हो.”

“पुढे काय म्हणतायत?”

“ते कळत नाही.”

“वाढव की मग आवाज.”

“वाढवला तर सगळंच वाढतं, आई. पंखासुद्धा.”

“तुझ्या त्या लोकांना सांग ना. एवढी यंत्रं आहेत तुमच्याकडे.”

“करून बघितलं. आवाज मोठा करता येतो. जी अक्षरं उच्चारलीच गेली नाहीत ती आणता येत नाहीत.”

आईने सगळे तुकडे ऐकले. एखादा पुन्हा लावायला सांगितला. मध्येच एकदा म्हणाली, “या दिवशी चहात साखर कमी पडली होती. तेच सांगत असतील.” थोड्या वेळाने म्हणाली, “नाही. एवढ्यासाठी एवढा वेळ कोण बोलतं?” मग हेडफोन काढून तिने ते हातात धरले, कानातलं यंत्र बोटाने फिरवत राहिली.

“न्हाणीघरात मी दोनदा विचारलं,” ती म्हणाली. “दोनदा. आणि घड्या घालत बसले.”

धाकटीला काहीतरी बोलायचं होतं. तुझा दोष नाही, आलेखाचा आहे, माझा आहे, असं काही. पण यातलं एकही वाक्य आईला तिथून उठवू शकणार नव्हतं.

“दिव्यासमोर बोलता येतं ना त्यांना?” आई एकदम म्हणाली.

“आता श्वासच पुरत नाही.”

“येतं ना पण?”

“येईल, कदाचित.”

“मग लाव दिवा. मला विचारायचंय.”

आईने यंत्र पुन्हा कानात बसवलं आणि दोघी आत गेल्या. बाबा उशांना टेकून अर्धवट बसले होते. नाकात प्राणवायूची नळी होती. त्यांचा चेहरा आता काही सांगत नसे, पण आई आत आल्यावर डोळे तिच्यावर आले आणि तिच्यावरच राहिले. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा वर्तमानपत्र वाचत होता. पलीकडे एक परिचारिका सलाइन बदलत होती.

धाकटीने फोन बाबांच्या छातीजवळच्या फिरत्या टेबलावर उभा केला. आई खाटेच्या कडेला बसली. पडद्यावरची पहिली अक्षरं येऊन गेली आणि कोपऱ्यात लाल दिवा लागला.

बाबांनी तो बघितला. ओठ ओले केले. पाठ उशीवरून जराशी उचलली. थरथरता हात पुढे आला आणि नखाने फोनच्या कडेवर वाजवलं, दोनदा.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.”

शेजारच्या म्हाताऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं. परिचारिका वळली. आवाज फाटका होता, श्वासाने मध्येच तुटला होता, पण होता. खोलीच्या पार टोकापर्यंत गेला.

“अहो, मी आहे,” आई म्हणाली. “प्रवासी कुणी नाही इथे. माझ्याशी बोला. काय म्हणत होतात रोज सकाळी?”

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग दिव्याकडे. “फलाट क्रमांक चारवर,” ते म्हणाले आणि थांबले. हे नको होतं, हे त्यांनाही कळत होतं. कपाळावर घाम आला. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा श्वास घेतला आणि ‘अ’ लावला. नुसता ‘अ’. तो सुरुवातीला भरदार आला, मग त्यांची नजर आईच्या चेहऱ्यावर गेली आणि सूर सुटला. त्या हाकेसाठी त्यांनी आयुष्यात कधी पाठ ताठ केली नव्हती. ती हाक ज्या आवाजात मारायची, तो आवाज शिल्लकच नव्हता.

“गाडी,” ते दिव्याला म्हणाले, “गाडी थोड्याच वेळात...”

मग खोकला आला. परिचारिका धावली, तिने नळी नीट केली, पाठीवर थोपटलं. “आजोबा, पुरे आता. आराम करा. आणि तुम्ही तो फोन बाजूला घ्या बघू.”

खोकला थांबला. वेळ संपून लाल दिवा विझला आणि फोन आपोआप पहिल्या पायरीवर परत आला. पडद्यावर पुन्हा अक्षरं आली, ‘कृपया शांत राहा. खोलीचा आवाज मोजत आहोत.’

धाकटीने फोन बंद करायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. बाबांचे ओठ हलायला लागले होते. आता घाई नव्हती, घाम नव्हता. डोळे आईवर होते आणि ते बोलत होते, सलग, रोजच्यासारखं, तिने ऐकतच असलं पाहिजे अशा खात्रीने.

आईने यंत्र कानातून काढलं. ती वाकली आणि उघडा कान त्यांच्या ओठांना लावला. तिची बट त्यांच्या श्वासाने हलत होती. धाकटी पडद्यावरच्या आवाजाच्या पट्टीकडे बघत होती. पट्टी तळाला होती. मध्येच एकदा, परिचारिकेच्या हातून बाटली टेकली तेव्हा, ती किंचित वर उडाली आणि परत खाली बसली.

बाबांनी काहीतरी विचारलं असावं. ते थांबले आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिले.

आईने मान वर केली. तिचा कान त्यांच्या श्वासाने ओला झाला होता.

“धाकटे,” ती म्हणाली, “काय म्हणतायत गं?”

धाकटीने फोनकडे बघितलं. तिथे उत्तर आलं होतं.

‘खोली शांत आहे. बोलायला सुरुवात करा.’